ऐकून घेणारी रजई

मित्रांनो, मी एक जुनी रजई आहे. पण थंडीत तुम्ही नाकापर्यंत ओढून घेता, तसली नव्हे. मला आजवर कोणी अंगावर घेतलेलं नाही. मी सामानाची रजई. घर बदलताना कपाटं, आरसे, टेबलं यांना गुंडाळून दोरीने करकचून बांधतात ना, ती मी. माणसांना ऊब देणाऱ्या माझ्या बहिणींवर लोकांनी गाणी रचली. माझ्या वाट्याला सुतळी आली. तरी आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ती तक्रार करायला नाही. मला आभार मानायचे आहेत. कोणाचे आणि कशाबद्दल, हे सांगायचं तर जन्मापासूनच सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. विटलेले सदरे, फाटके पडदे, आखूड झालेले गणवेश, कोणा आजोबांचा भोकं पडलेला स्वेटर, असं सगळं एका दातेरी यंत्रात जायचं आणि करड्या पिंजलेल्या ढिगासारखं बाहेर पडायचं. त्या ढिगाचा जाड थर करून वर निळं कापड, खाली निळं कापड आणि मधून नागमोडी शिलाई घातली, की झाली रजई. मला शिवणारी बाई कामाला वाघ होती. तिने माझ्याकडे एकदाही कौतुकाने पाहिलं नाही, पण तिची शिलाई अजून एका ठिकाणीही उसवलेली नाही. यापेक्षा मोठं कौतुक कोणतं?

एक गोष्ट मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हती. माझं अर्ध्याहून अधिक अंग धाग्यांचं नाही, हवेचं आहे. धाग्याधाग्यांच्या मधून केसाएवढ्या बारीक, वेड्यावाकड्या वाटा गेलेल्या आहेत. मी जड आहे, जाड आहे, पण आतून सगळी गल्लीबोळांची. या गल्लीबोळांचा उपयोग पुढे येईलच.

कारखान्यातून मी थेट एका सामान हलवणाऱ्याच्या ट्रकमध्ये आले. त्याला सगळे मुकादम म्हणायचे. त्याचा आवाज ट्रकच्या हॉर्नपेक्षा मोठा होता आणि हात मात्र बाळंतिणीच्या दाईसारखे हळुवार. मोठा आरसा उचलायचा झाला की तो ओरडायचा, "ए, निळी आण रे! आरशाला तीच लाव. तिच्यात आरसा झोपून जातो." हे ऐकलं की माझी सुतळी मला हारासारखी वाटायची.

मी खूप घरं पाहिली. पण सगळी रिकामी होतानाची. भिंतीवरचे फोटो उतरलेले, खिळे तेवढे राहिलेले. रिकाम्या खोलीत एखादा हमाल शिंकला तर खोली त्याच्यामागून दोनतीनदा शिंकायची. मग मुकादम आम्हा रजयांचा गठ्ठा आत आणून टाकायचा आणि तीच खोली एकदम गप्प व्हायची. मला वाटायचं, खोलीला वाईट वाटत असेल, म्हणून ती गप्प झाली. कारण मीच आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढे एका लोखंडी कपाटाच्या मोडक्या पायाने माझं पोट फाडलं. मुकादमाने कुठल्यातरी पडद्याचा पिवळ्या फुलांचा तुकडा घेतला आणि दाभणाने स्वतः टाके घातले. ठिगळ वाकडं बसलं. त्यानंतर माझा मान थोडा उतरला. आरसे नव्या, हलक्या, चकचकीत रजयांकडे गेले. माझ्याकडे गॅसच्या शेगड्या आणि सायकली आल्या. मग तेही थांबलं. गोदामाच्या कोपऱ्यात मी आणि माझ्यासारख्या काही जणी एकावर एक पडून राहिलो. ओल आली, धूळ बसली. एका मांजरीने माझ्यावर पिल्लं घातली, तेवढे दिवस कोणाच्या तरी पोटाखाली असल्याचं सुख मिळालं. पिल्लं मोठी झाली आणि पुन्हा वळून आली नाहीत. पिल्लांची रीतच ती.

अशाच एका सकाळी गोदामाच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात मोजपट्टी, नाकावर रुमाल, कपाळावर आठी. विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडलेली होती, आणि प्रत्येक गोष्ट मोजल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे.

"काका, टाकाऊ रजया आहेत का तुमच्याकडे? जितक्या जाड तितक्या बऱ्या."

"एवढ्या कशाला? हत्ती पाळलाय की काय?"

"आवाजासाठी हव्यात."

"आवाजाला थंडी वाजते का गं?" मुकादम खो खो हसला.

"घरात आवाज फार घुमतो हो. मावशीचं रेकॉर्डिंग करायचंय. माझी मावशी म्हणजे बसस्थानकावर गाड्या पुकारायची ती."

मुकादमाचं हसू थांबलं. "फलाटवाल्या बाई? अगं, त्यांच्या आवाजावर मी जन्मभर गाड्या पकडल्या! घेऊन जा सगळ्या. वास येतो, पण चावत नाहीत."

अशी मी मावशीच्या घरी आले.

मित्रांनो, मावशीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शहरातल्या मोठ्या बसस्थानकात, एका काचेच्या खोलीत बसून ती वर्षानुवर्षं गाड्या पुकारत असे. कुठली गाडी, कुठला फलाट, सुटायची वेळ, सगळं दोनदोनदा. गर्दी, इंजिनं, रडणारी मुलं, भांडणारे प्रवासी, या सगळ्यांच्या डोक्यावरून तिचा आवाज सरळ शेवटच्या बाकापर्यंत जायचा. मग एक दिवस तिच्या खुर्चीत एक यंत्र आलं. त्याला पाणी लागत नव्हतं आणि खोकला होत नव्हता. मावशीला निरोपाचा गुच्छ मिळाला आणि ती घरी बसली.

घरी बसलेल्या माणसाचा आवाज कोण ऐकतो? मावशी भाजीवर बोलायची, पंख्यावर बोलायची. शेवटी भाचीनेच शोध लावला की ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून साठवणारं एक ग्रंथालय गावात आहे, आणि त्यांना वाचणारी माणसं हवी आहेत. त्यांनी मावशीला एक जाडजूड कादंबरी दिली. एक आई आपल्या भित्र्या मुलीला नदीत पोहायला शिकवते, त्याची गोष्ट. आधी पहिलं प्रकरण नमुना म्हणून घरीच रेकॉर्ड करून पाठवायचं होतं.

मावशीने ते रस्त्याकडेच्या खोलीत, खिडकीशी बसून वाचलं. तिला खिडकी लागायचीच. काचेच्या खोलीची सवय. आणि खाली काय, तर वळण. स्थानकातून सुटलेली प्रत्येक बस तिथे गिअर बदलायची. समोर गॅरेज, शेजारी चौक, रात्री मालाचे ट्रक. दिवसरात्र कधीच उसंत नाही.

ग्रंथालयातल्या ताईंचा फोन आला. या ताई आलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग स्वतः ऐकायच्या.

"मावशी, पुस्तकात नदी आहे, पण मला सगळीकडे डिझेलच ऐकू येतंय."

"आता नदी कुठून आणू घरात?" मावशी म्हणाली.

"नदी नको, शांतता आणा. या पुस्तकाची मागणी फार आहे, लोक सारखे विचारतात. आवाज स्वच्छ मिळाला तर पुस्तक तुमचं. नाहीतर नाइलाजाने यंत्राकडून वाचून घ्यावं लागेल."

फोन ठेवल्यावर मावशीने खिडकी धाडकन लावली. मग म्हणाली, "परत तोच मेला! माझी खुर्ची घेतली, आता पुस्तकही घेणार."

"घेऊ द्यायचं का?" भाची म्हणाली.

"घेतोय! बघतेच मी."

म्हणून ही सारी धडपड होती. आणि हे सगळं मला कसं कळलं, तर गच्चीवर मला धुताना दोघी हेच बोलत होत्या. मी ओली झाले तेव्हा दोघींना मिळूनही मला उचलता येईना. "ही रजई आहे की म्हैस?" मावशी धापा टाकत म्हणाली. पण तिने मला तीनदा साबण लावला, उन्हात उलटीपालटी केली आणि ठिगळावरचा तेलाचा डाग नखाने खरवडून काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी स्वच्छ केलं होतं. तेव्हाच मी ठरवलं, या घरासाठी जीव तोडून काम करायचं.

पण नुसतं ठरवून काय होतं?

आमच्या आधी या खोलीत अंड्यांचे पुठ्ठे येऊन गेले होते. भाचीने कुठेतरी वाचलं होतं की ते भिंतीला चिकटवले की आवाज थांबतो. बेकरीतून आणून तिने सगळी भिंत भरून टाकली. मावशी म्हणाली होती, "हे घर आहे की खुराडं?" आणि बस होती तशीच ऐकू येत राहिली. आता पुठ्ठे उतरले आणि आम्ही रजया चढलो. मला थेट खिडकीवर टांगलं. भाचीने खोलीच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली. पूर्वी टाळीला भिंतींकडून उत्तर यायचं. आता टाळी वाजली आणि विरून गेली. भाचीचा चेहरा उजळला. इतक्यात खालून बस वळली आणि तिचा गुरगुराट माझ्या अंगातून आरपार खोलीत गेला, जणू मी तिथे नव्हतेच.

मित्रांनो, त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ज्या खोलीसाठी धुऊनपुसून आणलं, तिथेच मी कुचकामी ठरले.

भाची मात्र हिरमुसली नाही. तिला चूक सापडली की आनंद होत असे. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि मावशीला म्हणाली, "अगं, माझंच चुकलं. ही दोन वेगळी कामं आहेत. आत घुमणारा आवाज वेगळा आणि बाहेरून येणारा वेगळा. बाहेरच्याला अडवायला जड आणि घट्ट बंद काहीतरी लागतं. रजईतून हवा जाते, म्हणजे आवाजही जातो."

"मग ही म्हैस कशाला धुतली मी?"

"आतल्यासाठी. भिंत कशी, आपण एक बोललो की उलट उत्तर देते. रजई उलट उत्तर देत नाही. ऐकून घेते."

"तुझ्यापेक्षा बरी," मावशी म्हणाली.

ऐकून घेते! माझ्याबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. आवाज माझ्या गल्लीबोळांत शिरतो, वळणं घेत घेत दमतो आणि तिथेच मुरतो. त्या रिकाम्या घरांतल्या खोल्या गप्प का व्हायच्या, ते मला त्या दिवशी कळलं.

मग भाचीने बाहेरच्या आवाजाचा पिच्छा पुरवला. जुन्या टेबलाची फळी कापून खिडकीत बसवली. भर दुपारी दिवा घालवून ती अंधारात उभी राहिली, तर फळीच्या कडेने उजेडाच्या रेघा दिसल्या. "उजेड येतो तिथून हवा येते, आणि हवा येते तिथून आवाज येतो," ती पुटपुटली आणि प्रत्येक रेघेवर रबराची पट्टी दाबत गेली. हॉर्न क्षीण झाले, गॅरेजमधली ठोकाठोक दूर गेली. पण बसचा तो खोल गुरगुराट भिंतीतून, फरशीतून येतच राहिला. त्याला फळी पुरेना आणि आम्हीही पुरेनात.

"शत्रूला हरवता येत नसेल तर आपणच लांब जायचं," भाची म्हणाली आणि घराच्या मागच्या टोकाला असलेल्या अडगळीच्या खोलीकडे बोट दाखवलं. मध्ये बोळ, स्वयंपाकघर, दोन दारं. आणि खिडकी नाही.

मावशी हटून बसली. "तिथे? मडक्यांत आणि सुटकेसांत? मला समोर काहीतरी दिसायला हवं गं. भिंतीकडे तोंड करून काय बोलायचं? शाळेत शिक्षा म्हणून उभं करतात तसं!"

पण यंत्राची आठवण निघाली आणि मावशी उठली. सुटकेसा माळ्यावर गेल्या, मडकी गच्चीवर गेली. आम्हाला भिंतींना न चिकटवता हातभर अलीकडे दोरीवर टांगलं, कारण भाचीने दोन्ही प्रकारे टाळ्या वाजवून पाहिल्या होत्या आणि मागे मोकळी जागा ठेवली तर आम्ही जास्त ऐकून घेतो, असं तिला आढळलं होतं. मी मावशीच्या खुर्चीच्या अगदी समोर आले. राहिली दाराखालची फट. तिच्यासाठी मावशीने आपल्या दिवंगत यजमानांच्या पँटचा एक पाय कापला, वाळू भरून दोन्ही तोंडं शिवली आणि ती नळी दाराशी आडवी ठेवली.

"जन्मभर दार उघडं टाकून जायचे," ती म्हणाली. "आता बसा म्हणावं दाराशी."

भाची हसली, मग वाकून सांडलेली वाळू गोळा करू लागली. मावशीने नळी पायाने जरा सरळ केली आणि दार लावून घेतलं.

आणि काय सांगू! बाहेरचं जग कोणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं. भाचीने हेडफोन लावून ऐकलं, तर पानं उलटल्याचा आवाज येत होता. त्याखेरीज काही नाही. दुसरा नमुना मोठ्या ऐटीत ग्रंथालयात गेला.

ताईंचा फोन आला. "मावशी, गाड्या गेल्या. कमाल केलीत. पण..."

"पण काय?"

"राग मानू नका. 'आई तिच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, पाण्याला घाबरू नकोस,' असं वाक्य आहे. ते तुम्ही असं वाचलंत की मला वाटलं नदी आता फलाट चारवरून सुटणार. शिवाय 'प्रकरण पहिलं' हे दोनदा झालंय. यंत्र निदान एकदाच म्हणतं हो. आणखी एक नमुना ऐकते मी. पण मग मला ठरवावं लागेल."

मावशीने फोन हळूच खाली ठेवला. त्या दिवशी ती भाजीवरही बोलली नाही आणि पंख्यावरही नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "माझा आवाज असाच आहे. एवढाच आहे. शांतता करून काय उपयोग? तिच्यात घालायला माझ्याकडे काही नाहीच."

मी दोरीवर लटकत होते. दारं, फळ्या, रबर, वाळू, सगळं जिंकलं होतं आणि तरीही मावशी हरत होती.

दुसऱ्या दिवशी भाचीने तिला बळेच पुन्हा खुर्चीत बसवलं आणि स्वतः कोपऱ्यात उकिडवी बसली. मावशी वाचू लागली. एका वाक्याच्या मध्येच ती थांबली. क्षणभर थांबून पुढे सुरू झाली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

"मावशी, इथे का थांबलीस?"

"बस गेली ना."

"कुठे गेली? तुला ऐकू आली?"

मावशी गोंधळली. तिने कान टवकारले. खोलीत टाचणी पडली असती तरी कळलं असतं.

"नाही गं. पण ही चार नंबरची वेळ."

भाची ताडकन उठून, दोन दारं ओलांडून, रस्त्याकडेच्या खोलीत धावली आणि खिडकीतली फळी बाजूला करून खाली डोकावली. परत आली ती डोळे विस्फारून. "अगं, वळणावरून खरंच चार नंबर आत्ताच गेली! तुला न ऐकू येता कसं कळलं?"

"त्यात काय कळायचं? अंगात आहे ते. ती यायची असली की आधी आवाज चढवायचा, ती समोर आली की थांबायचं, गेली की पुढचं बोलायचं."

भाची मटकन खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तो चूक सापडल्याचा आनंद पसरत होता. "मावशी, मी खोलीतला रस्ता बाहेर काढला. तुझ्यातला राहिलाच की! तू अजून बसच्या वरून बोलतेयस. इथे बस नाही. कोणाच्याही वरून बोलायचं नाही. तू वाचताना कोणाशी बोलतेस?"

"सगळ्यांशी."

"सगळे म्हणजे?"

"फलाटावरचे," मावशी म्हणाली, आणि स्वतःच हसली.

"एकाच माणसाशी बोल. हे बघ, मी बसते समोर. मला सांग."

ही युक्ती बरी होती, पण भाचीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मावशी नदीकाठी पोचली आणि भाचीच्या पोटात असा काही गडगडाट झाला की रेकॉर्डिंगमध्ये ढगच आले.

"चल, हो बाहेर! तुझं पोट माझ्यापेक्षा मोठ्याने वाचतंय. काहीतरी खा आधी, शास्त्रीणबाई."

भाची गेली. दार लागलं, वाळूची नळी जागेवर सरकली. मावशी एकटी राहिली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चारी बाजूंनी निळ्या रजया. आणि बरोबर डोळ्यांसमोर मी, माझं वाकडं ठिगळ घेऊन. ती पिवळी फुलं एवढ्या धुण्यानंतर चांगली उजळली होती.

"काय गं," ती मला म्हणाली, "तू ऐकतेस ना?"

माझ्या आयुष्यात मला कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर द्यायला मला तोंड नाही. पण उत्तर न देणं हाच तर माझा एकमेव गुण. मावशीने थोडी वाट पाहिली. भिंत काही बोलली नाही, रस्ता काही बोलला नाही, मी काही बोलले नाही. मग तिने खुर्ची पुढे ओढली. इतकी पुढे, की तिचा श्वास माझ्या ठिगळाला लागला. आणि ती वाचू लागली.

पहिली काही वाक्यं अजून उंचच होती. मग ती उतरत गेली, एखादी बाई ओझं डोक्यावरून खाली घेते तशी. "आई तिच्या कानाशी लागून हळूच म्हणाली," इथपर्यंत ती आली आणि थांबली. या वेळी बससाठी नाही. पुढचं वाक्य तिने इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की मला ते माझ्या सगळ्यांत आतल्या धाग्यात ऐकू आलं. "पाण्याला घाबरू नकोस."

मित्रांनो, मी आरसे सांभाळलेत. पण इतकं नाजूक काही माझ्याजवळ कधी कोणी ठेवलं नव्हतं.

प्रकरण संपलं तेव्हा मावशीने पुस्तक मिटलं. मग दार उघडून तिने हाक मारली, तीही हळूच. "अगं, ये गं." आणि भाची तोंडातला घास तसाच ठेवून दचकून म्हणाली, "कोण बोललं?"

"मीच. इतका लहान आहे होय गं माझा आवाज? आमचे हे कायम म्हणायचे, घर आहे हे, फलाट नाही. मला कधी ऐकूच आलं नाही ते."

तिसरा नमुना गेला. फोन येईना. मावशीने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. भाचीने रबराच्या पट्ट्या पुन्हा दाबून पाहिल्या, जणू ताईंचा निर्णय एखाद्या फटीतून निसटून जाणार होता. शेवटी मावशी माझ्यासमोरची खुर्ची उचलून बाहेर नेऊ लागली. "राहू दे आता. मडकी आण परत."

तेवढ्यात फोन वाजला. भाचीने तो स्पीकरवर लावला.

ताई म्हणाल्या, "मावशी, माझी एक अडचण झालीय. मी गाड्यांचे आवाज शोधायला म्हणून बसले होते. कागद-पेन्सिल घेऊन. आणि ते राहूनच गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी गोष्ट ऐकत बसले. संपली तेव्हा कागद कोराच. ती मुलगी पाण्यात उतरते का हो पुढे?"

मावशीने पदर तोंडाला लावला. तिला बोलता येईना. गाड्या पुकारणाऱ्या बाईला बोलता येईना! मग ती म्हणाली, "ते पुढच्या प्रकरणात आहे. वाचून पाठवते." खुर्ची पुन्हा माझ्यासमोर आली.

तेव्हापासून मी इथेच आहे. मावशी रोज येते. आधी मला झटकते, कारण धूळ बसली की आमच्या बारीक वाटा बुजतात. ऊन असलं की भाची मला गच्चीवर नेते आणि ओल राहू देत नाही. कधी मुकादम भेटायला येतो, दारात उभा राहून माझ्या ठिगळाकडे बघतो आणि म्हणतो, "टाके वाकडेच घातले होते मी." कोणी त्याला नाही म्हणत नाही. अनोळखी घरांत, ज्यांना पुस्तकाची पानं दिसत नाहीत अशी माणसं कानांनी नदीकाठी जाऊन येतात. त्यांना माझी माहिती नाही, आणि असायचं कारणही नाही. नीट ऐकून घेणारा कोणाला ऐकू येत नाही.

माझं मागणं फार नाही. घरातली एखादी जाड, जुनी, वाकडं ठिगळ लावलेली वस्तू बाहेर टाकायला निघालात, तर आधी तिला एकदा धुऊन बघा, उन्हात घाला, आणि ती आणखी कशाच्या उपयोगी पडेल याचा प्रयोग करून बघा. पहिला प्रयोग फसला तर वस्तूला नावं ठेवू नका. कदाचित तिला चुकीच्या खिडकीवर टांगलं असेल. आणि घरात कोणी फार मोठ्याने बोलत असेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्यासमोर थोडा वेळ गप्प बसा. उलट उत्तर न देता. बघा, काय ऐकू येतं ते.

मला जन्म देणाऱ्या चिंध्या, न उसवणारी शिलाई घालणारी ती बाई, मुकादम, चुका शोधत फिरणारी भाची आणि मला प्रश्न विचारणारी मावशी, या सगळ्यांची मी ऋणी आहे. अजून सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण पावलं वाजली. मावशी पाण्याचा घोट घेऊन आत येते आहे, तिच्या हातात पुस्तक आहे आणि आज ती मुलगी पहिल्यांदा काठ सोडणार आहे. दार लागलं की मला बोलून चालत नाही.

लागलं.